दप्तरातील कागद

मुलांनो, रोज पाठीवर घेऊन तुम्ही जे शाळेत येता, त्यास आपण दप्तर म्हणतो. हा शब्द फार जुना आहे. तो फारसी भाषेतून मराठीत आला आणि कैक पिढ्यांपूर्वीच आपला होऊन गेला. पूर्वीच्या काळी राज्यकारभाराचे कागद, त्या कागदांचे बांधलेले गठ्ठे आणि ते गठ्ठे जेथे ठेवीत ती कचेरी, या साऱ्यांस दप्तर म्हणत. कागद चौकोनी कापडात बांधून फडताळात रचून ठेवीत. त्या एकेका गठ्ठ्यास रुमाल असे नाव होते. दप्तर सांभाळणारा अधिकारी तो दप्तरदार. पेशव्यांच्या कारभाराचे असे असंख्य रुमाल पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही जतन करून ठेवलेले आहेत. त्यांतील निवडक कागद इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील कितीतरी गोष्टींवर नवा प्रकाश पडला.

राज्ये गेली, राजे गेले. परंतु दप्तर मात्र राहिले. आजही तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरी असते आणि तेथे जुने कागद ठेवण्यासाठी अभिलेख कक्ष असतो. अभिलेख म्हणजे जपून ठेवलेला अधिकृत लेख. त्या कक्षातील फळ्यांवर गावोगावच्या नोंदवह्या वर्षानुवर्षे उभ्या असतात. कोणाचे शेत कोठे आहे, ते कोणाकडून कोणाकडे आले, कोणते काम सरकारने केले आणि त्यावर किती पैसा खर्च झाला, हे सारे त्यांत लिहिलेले असते.

तुमच्या दप्तरातील वह्या तुमच्या मालकीच्या आहेत, हे सांगावयास नको. मग सरकारच्या दप्तरातील वह्या कोणाच्या? त्या सांभाळणाऱ्या कारकुनाच्या? त्याच्यावरील साहेबांच्या? की आणखी कोणाच्या? या प्रश्नाचे उत्तर आपणांस या पाठात शोधावयाचे आहे.

प्रथम हे पाहू, की कोणता कागद कोठे असतो. पुष्कळ माणसे येथेच चुकतात आणि या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालीत राहतात.

मूल जन्मास आले, म्हणजे १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत त्या जन्माची खबर द्यावी लागते. मृत्यूचेही तसेच आहे. खेड्यात ही नोंद ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत. पुढे मूल शाळेत जाऊ लागले, की शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीत त्याचे नाव व जन्मतारीख लिहिली जाते. शाळा सोडल्याचा दाखला याच वहीवरून देतात. मोठेपणी त्याने घर किंवा शेत विकत घेतले, तर खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. शेताची मोजणी आणि नकाशे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात. शेताचा सातबारा व त्याच्या जोडीच्या नोंदी गावच्या तलाठ्याकडे असतात. तलाठ्याच्या पदास आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे. पण लोकांच्या तोंडी अजून तलाठी हाच शब्द आहे.

यांतील सातबारा हा शब्द तुम्ही घरी अनेकदा ऐकला असेल. त्याचा अर्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. महसूल खात्याने गावाच्या नोंदींसाठी वेगवेगळे नमुने ठरवून दिलेले आहेत. गाव नमुना ७ यात शेताचे क्षेत्र, ते धारण करणाऱ्याचे नाव आणि त्यावरील कर्जाचा बोजा यांची नोंद असते. गाव नमुना १२ यात पिकांची नोंद असते. हे दोन्ही नमुने एकाच कागदावर मांडतात, म्हणून तो सातबारा.

जमीन एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा ते नाव सातबाऱ्यावर एकदम चढत नाही. खरेदी असो, वाटणी असो किंवा वारसा असो, तो बदल प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत लिहितात. ज्यांचा त्या जमिनीशी संबंध असेल त्यांना नोटीस देतात. हरकत घ्यावयाची असल्यास १५ दिवसांची मुदत असते. त्यानंतर वरचा अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर नवे नाव येते. प्रत्येक फेरफारास एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक सातबाऱ्यावर नावाच्या जवळ लिहिलेला असतो. सातबारा सांगतो की जमीन आज कोणाची आहे. फेरफार सांगतो की ती त्याची कशी झाली. एवढे नीट ध्यानात ठेवा. पुढील गोष्टीत याचाच उपयोग होणार आहे.

अशी कल्पना करा, की एका गावात तीन भाऊ एकत्र राहत होते. त्यांच्या वडिलांमागे चार एकरांचे शेत तिघांच्या नावे झाले. पुढे धाकटा भाऊ आजारी पडून वारला. त्याच्यामागे त्याची बायको आणि सातवीत शिकणारी मुलगी एवढीच राहिली. वारसाची नोंद करण्यासाठी बाई तलाठ्याकडे गेल्या. तलाठ्याने सातबारा काढून पाहिला आणि तो म्हणाला, "बाई, यावर तुमच्या मालकांचे नावच नाही. दोघाच भावांची नावे आहेत."

बाईंच्या पायांखालची जमीनच सरकली. थोरले दीर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "वहिनी, शेत तिघांचे आहे हे मला ठाऊक आहे. तुम्ही काळजी करू नका." परंतु माणसाचा शब्द माणसाबरोबर जातो. थोरले दीर आज भले होते. उद्या त्यांच्या मुलांनी कागद पुढे केला, तर त्या काय उत्तर देणार? शिवाय गारपिटीची भरपाई असो की सोसायटीचे कर्ज, कागदावर नाव नसलेल्यास कोण विचारतो?

त्या रात्री मुलगी कंदिलाजवळ बसावे तशी त्या कागदाजवळ बसली आणि एकेक रकाना वाचू लागली. काकांच्या नावांपाशी एक आकडा लिहिलेला तिला दिसला.

"आई, हा आकडा कशाचा ग?"

"मला काय ठाऊक, बाई! तुझ्या वडिलांनी कधी सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही."

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "हा फेरफाराचा क्रमांक. तुझे आजोबा वारल्यावर जी वारसनोंद झाली, ती या क्रमांकाची असणार. पूर्वी सातबारा हाताने लिहीत. रकाने भरून गेले, की काही वर्षांनी तो नव्या कागदावर उतरवून काढीत. उतरवताना एखादे नाव गळले असेल, तर मूळ फेरफारात ते सापडेल. तो कागद पाहा."

माय-लेकी तालुक्याच्या गावी गेल्या. अभिलेख कक्षाच्या खिडकीशी बाई म्हणाल्या, "साहेब, आमच्या जमिनीचा जुना कागद पाहिजे होता." कारकून वाईट माणूस नव्हता, तो फक्त कामात होता. तो म्हणाला, "बाई, येथे शंभरावर गावांचे कागद आहेत. नुसता 'जमिनीचा जुना कागद' म्हटल्यावर मी कोणता गठ्ठा सोडू? गाव कोणते? गट नंबर कोणता? फेरफार कितवा? साल कोणते? हे सारे लिहून आणा."

बाई हिरमुसल्या. "सरकारी काम आणि सहा महिने थांब" ही म्हण त्यांना आठवली असेल. मुलीने मात्र वहीचे पान काढले. गाव, तालुका आणि गट क्रमांक सातबाऱ्यावर होते. फेरफाराचा क्रमांकही होता. साल ठाऊक नव्हते. पण आजोबांच्या मृत्यूचे वर्ष घरात सर्वांना माहीत होते, तेव्हा नोंद त्या वर्षी किंवा त्याच्या पुढील वर्षी झाली असणार, असा तिने हिशेब केला. तेथेच कट्ट्यावर बसून तिने आईच्या वतीने असा अर्ज लिहिला :

प्रति,
मा. तहसीलदार,
अभिलेख कक्ष, तहसील कार्यालय, तालुका ……

विषय : फेरफार नोंदीची प्रमाणित नक्कल मिळण्याबाबत.

महोदय,
मी खाली सही करणार, मौजे …… येथील रहिवासी आहे. मौजे ……, तालुका ……, येथील गट क्रमांक …… या जमिनीसंबंधी फेरफार क्रमांक …… याची नोंद सुमारे …… या साली झालेली आहे. सदर फेरफार नोंदीच्या एका प्रमाणित नकलेची मला वारसनोंदीच्या कामी आवश्यकता आहे. नकलेचे नियमाप्रमाणे होणारे शुल्क भरण्यास मी तयार आहे. तरी कृपया नक्कल मिळावी, ही विनंती.

दिनांक :
अर्जदाराचे नाव, सही व पत्ता :
सोबत : चालू सातबाऱ्याची प्रत.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. आईने सही केली. एक प्रत कचेरीत दिली आणि दुसरीवर कारकुनाचा शिक्का, तारीख व सही घेतली. यास पोच म्हणतात. मुलीने ती पोच वहीत जपून ठेवली.

ठरलेल्या दिवशी नक्कल हाती पडली. तिच्यात आजोबांचे नाव होते, त्यांच्या मृत्यूची नोंद होती आणि त्याखाली वारस म्हणून तिघाही भावांची नावे स्पष्ट अक्षरांत लिहिलेली होती. धाकट्याचे नाव शेवटी होते. सातबारा उतरवून काढताना तेवढी एक ओळ गळली होती. एका ओळीने एका घराची भाकर तोलून धरली होती!

यापुढील काम सोपे नव्हते. पण आता वाट दिसत होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ मध्ये लेखनातील चूक दुरुस्त करण्याची तरतूद आहे. तिच्या आधारे बाईंनी तहसीलदारांकडे अर्ज केला आणि सोबत फेरफाराची प्रमाणित नक्कल जोडली. संबंधितांना नोटिसा निघाल्या, चौकशी झाली, थोरल्या दिरांनी खरे तेच सांगितले आणि नाव दुरुस्त झाले. मग माय-लेकींची वारस म्हणून नोंद झाली.

या गोष्टीत त्या मुलीने कोणता पराक्रम केला? तिने आरडाओरडा केला नाही आणि कोणाची ओळखही काढली नाही. कोणता कागद, कोणत्या कचेरीत आणि कोणत्या खुणेवरून सापडेल, या तीन गोष्टी तिने आधी शोधून काढल्या. मागणे नेमके असले, म्हणजे देणाऱ्यास सबब राहत नाही. आज कित्येक गावांचे सातबारे संगणकावर पाहावयास मिळतात आणि पुष्कळ तालुक्यांतील जुने कागदही छायाचित्रे घेऊन संगणकात भरलेले आहेत. आता कचेरीची पायरी चढावयाची गरज पुष्कळदा पडत नाही. तरीसुद्धा संगणकासही गाव, गट आणि क्रमांक सांगावाच लागतो. यंत्र बदलले, पण नेमके विचारण्याची आवश्यकता बदललेली नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या कागदांकडे वळू. स्वतःच्या शेताची नक्कल मागणे वेगळे आणि सरकारने गावातील रस्त्यावर किती पैसा खर्च केला हे विचारणे वेगळे. रस्ता एकट्याचा नसतो, तो सर्वांचा असतो. मग त्याचा हिशेब कोणी मागावा? पुष्कळ वर्षे याचे उत्तर 'कोणीही नाही' असेच होते. इंग्रज राजवटीत १९२३ साली सरकारी गुपितांचा कायदा झाला होता आणि कचेरीतील कागद बाहेरच्यास दाखवावयाचा नाही, ही वृत्ती स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली.

ही वृत्ती मोडण्यास ज्यांनी सुरुवात केली, त्यांत राजस्थानातील गरीब मजूर होते. दुष्काळी कामांवर ते दिवसभर खडी फोडीत आणि माती वाहत. पण ठरलेली किमान मजुरी त्यांच्या हाती पडत नसे. विचारावे तर उत्तर मिळे, की कागदावर तुमचे काम कमी भरले आहे. मजूर म्हणाले, "तर मग तो कागद आम्हांला दाखवा." तो कागद म्हणजे हजेरीपट, कामावर त्यास मस्टर म्हणतात. तो दाखविण्यास कचेरी तयार होईना. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने हा प्रश्न हाती घेतला. अरुणा रॉय या तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी भारतीय प्रशासकीय सेवेतील आपली जागा काही वर्षांपूर्वीच सोडली होती. १९९४ च्या डिसेंबर महिन्यात कोटकिराना या गावी पहिली जनसुनवाई झाली. जनसुनवाई म्हणजे लोकांसमोर केलेली तपासणी. मिळालेले सरकारी कागद तेथे मोठ्याने वाचून दाखवीत आणि गावकरी उठून खरे काय ते सांगत. अशा सभांतून कोणाच्या नावावर न केलेली मजुरी उचललेली निघे, तर कोठे अपुरे राहिलेले काम कागदावर पुरे झालेले दिसे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी लिहिलेल्या कागदाचे मोल सर्वांच्या आधी ओळखले, ही केवढी अर्थपूर्ण गोष्ट आहे! १९९६ साली ब्यावर या शहरी त्यांनी चाळीस दिवस धरणे धरले. मागणी एकच होती : आमच्या गावावर खर्चलेल्या पैशाचा हिशेब पाहण्याचा आणि त्याच्या नकला घेण्याचा आम्हांला अधिकार द्या.

ही मागणी जगात नवी नव्हती. स्वीडन या देशाने १७६६ सालीच नागरिकांना सरकारी कागद पाहण्याचा अधिकार कायद्याने दिला होता. आपल्या देशात तमिळनाडू आणि गोवा या राज्यांनी १९९७ साली असे कायदे केले. महाराष्ट्राचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ सालचा. तो व्हावा म्हणून अण्णा हजारे यांनी मोठे आंदोलन केले होते. अखेर संसदेने सबंध देशासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ संमत केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे अमलात आला.

या कायद्याचे मुख्य नियम समजण्यास कठीण नाहीत. प्रत्येक सरकारी कार्यालयात एक जन माहिती अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याकडे लेखी अर्ज करावयाचा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि साध्या पानाच्या नकलेस २ रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील माणसास शुल्क नाही. माहिती कशासाठी पाहिजे, याचे कारण सांगण्याची सक्ती नाही. ज्यास लिहिता येत नाही, त्यास अर्ज लिहून देण्यात साहाय्य करणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अर्ज चुकून दुसऱ्याच कचेरीत गेला, तर तो पाच दिवसांच्या आत योग्य कचेरीकडे पाठवावयाचा असतो. माहिती ३० दिवसांत मिळावयास पाहिजे. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर ४८ तासांत.

उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर काय करावे? त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. तेथेही समाधान झाले नाही, तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. योग्य कारणावाचून माहिती अडवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्यास आयोग दर दिवसास २५० रुपये याप्रमाणे, पण एकूण २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. हा दंड सरकारी तिजोरीतून जात नाही. तो त्या अधिकाऱ्यास स्वतः भरावा लागतो.

तथापि या कायद्यालाही मर्यादा आहेत आणि त्या समजून घेणे तितकेच आवश्यक आहे. देशाच्या संरक्षणास बाधा येईल अशी माहिती मिळत नाही. कोणाचे प्राण धोक्यात येतील अशी माहितीही देत नाहीत. शेजाऱ्याच्या खाजगी गोष्टी उकरून काढण्यासाठी हा कायदा केलेला नाही. शिवाय या कायद्याने जे दप्तरात लिहिलेले आहे तेवढेच मिळते. "आमच्या गावचा रस्ता खराब का आहे?" असे विचारल्यास उत्तर मिळणे कठीण; कारण तसे कोठे लिहून ठेवलेले नसते, आणि आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? त्याऐवजी असे विचारावे : "अमुक वर्षी अमुक रस्त्याच्या कामास किती रक्कम मंजूर झाली? काम कोणास दिले? कोणत्या तारखेस ते पूर्ण झाल्याची नोंद आहे? त्या कागदांच्या नकला द्याव्यात." पहिला प्रश्न ही तक्रार झाली, दुसरी मागणी ही कागदाची झाली. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही साधारणपणे १५० शब्दांच्या आत मांडावा, असा नियम आहे. थोडक्यात आणि मुद्द्याचे लिहिण्याचा जो सराव तुम्ही निबंधाच्या तासाला करता, तो येथे कामास येतो.

तुम्ही म्हणाल, हे सारे मोठ्यांचे काम. आम्हां मुलांचे काय? कायद्याने हा अधिकार सर्व नागरिकांस दिलेला आहे आणि त्यात वयाची अट लिहिलेली नाही. २०१२ साली एका शाळकरी मुलीने पंतप्रधानांच्या कार्यालयास विचारले, की महात्मा गांधींना 'राष्ट्रपिता' ही पदवी कोणत्या आदेशाने दिली, त्या आदेशाची प्रत द्यावी. तिचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्याकडे जात शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोहोचला. तेथून उत्तर आले, की असा काही आदेश त्यांच्या संग्रही आढळत नाही. गांधीजींना राष्ट्रपिता मानले ते लोकांनी. त्यासाठी सरकारी कागद लागला नव्हता! दप्तरात काय नाही, हे कळणे हेही पुष्कळदा मोठे ज्ञान असते.

कागद मागणाऱ्याचा अधिकार आपण पाहिला. आता त्याचे कर्तव्यही सांगितले पाहिजे. नोंदवही पाहावयास मिळाली, तर स्वच्छ हातांनी हळुवार पाने उलटावीत. पानावर खूण करू नये, कोपरा दुमडू नये. जुना कागद एकदा फाटला, की तो पुन्हा होत नाही. ओल, वाळवी आणि निष्काळजीपणा हे दप्तराचे तीन शत्रू होत. एखाद्या अंधाऱ्या खोलीत धूळ खात बसून कागदांना ऊन दाखविणारा, कसर झटकणारा आणि शंभर वर्षांपूर्वीचे मोडी अक्षर लावणारा अभिलेखपाल हा समाजाचा मूक सेवक आहे. तो कागद जपतो म्हणून आपणांस तो मागता येतो. त्याच्याशी बोलताना वाणी गोड असावी; परंतु मागणे मात्र स्पष्ट असावे. लाचारी आणि उद्धटपणा यांच्या मधोमध नम्रतेची जी वाट आहे, तीच नागरिकाची वाट होय.

यासंबंधी चार गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात. एक, मागणी लेखी करावी. दोन, पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये. तीन, मूळ कागद कोणाच्याही हाती सोडून येऊ नये. प्रत द्यावी आणि मूळ जवळ ठेवावे. चार, शुल्क भरल्यावर पावती मागून घ्यावी. पावतीशिवाय कोणी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत.

सरकारच्या दप्तरातील वह्या कोणाच्या, हा प्रश्न आपण आरंभी विचारला होता. त्या लिहितो सरकारी नोकर आणि सांभाळतोही तोच. परंतु त्यांत लिहिलेले असते ते आपले जन्म, आपली शेते, आपली मजुरी आणि आपण भरलेल्या करांचा हिशेब. म्हणून त्या वह्या लोकांच्या आहेत. सरकार त्यांचे विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव नीट सांभाळावी आणि धन्याने ती वेळोवेळी पाहावी, यातच दोघांचे कल्याण आहे. जो समाज आपली ठेव पाहावयास जात नाही, त्याच्या ठेवीला केव्हा वाळवी लागली हे त्याला कळतही नाही.

स्वाध्याय

१. पुढील शब्दांचे अर्थ सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा : अभिलेख, नक्कल, पोच, विश्वस्त, हजेरीपट.

२. एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) पूर्वीच्या काळी रुमाल हा शब्द कोणत्या अर्थाने वापरीत?
(आ) सातबारा या कागदास हे नाव का पडले?
(इ) स्वीडनमध्ये सरकारी कागद पाहण्याचा अधिकार नागरिकांस कोणत्या साली मिळाला?

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) अभिलेख कक्षातील कारकुनाने प्रथम कागद का काढून दिला नाही? त्याचे म्हणणे योग्य होते काय?
(आ) "एका ओळीने एका घराची भाकर तोलून धरली होती" या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(इ) राजस्थानातील मजुरांना हजेरीपट का पाहावयाचा होता?

४. पुढील तक्रारींचे कागद मागणाऱ्या नेमक्या प्रश्नांत रूपांतर करा :
(अ) आमच्या शाळेच्या विहिरीचे काम अर्धवट का राहिले?
(आ) गावातील दिवे नेहमी बंद का असतात?

५. पुढील म्हणींचा अर्थ सांगा व त्या पाठात कोणत्या प्रसंगी आल्या आहेत ते लिहा :
(अ) सरकारी काम आणि सहा महिने थांब.
(आ) आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

६. आपल्या जन्मनोंदीची प्रमाणित प्रत मिळावी म्हणून तुमच्या पालकांच्या वतीने ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस अर्ज लिहा. अर्जात कोणकोणता तपशील द्यावा लागेल, याची प्रथम यादी करा.

७. घरातील वडील माणसांना विचारून तुमच्या घरी कोणकोणते कागद जपून ठेवलेले आहेत ते पाहा. त्यांतील सर्वांत जुना कागद कोणत्या सालचा आहे आणि तो कोणत्या कचेरीतून मिळाला, हे दहा ओळींत लिहा.